बाबूराव अर्नाळकर : वाङ्मयेतिहासाने न नोंदलेला वाचक

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या कडेला असलेल्या एका गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. काही वर्षांपूर्वी तेथे जीर्ण पुस्तके निकाली काढण्याचे काम चालले होते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी जुनी मासिके मिळतात का, हे पाहावयास आम्ही गेलो होतो. व्हरांड्यात पुस्तकांचे दोन ढीग घातलेले होते. पहिल्या ढिगात आम्ही वर्गात ज्यांची नावे आदराने घेतो अशा लेखकांच्या बांधीव कादंबऱ्या होत्या. दुसऱ्यात मुखपृष्ठे गळालेली, कोपरे झिजलेली, शंभर-सव्वाशे पानांची लहान आकाराची पुस्तके होती. पहिला ढीग पुन्हा कपाटात जाणार होता, दुसरा रद्दीत.

आम्ही दुसऱ्या ढिगातील पुस्तके चाळू लागलो. त्यांत बहुसंख्य बाबूराव अर्नाळकरांची होती. प्रत्येक पुस्तकाच्या अखेरीस तारखांचे शिक्के मारण्याची चिठ्ठी असते. या पुस्तकांच्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी भरलेल्या होत्या. काहींवर दुसरी, तिसरी चिठ्ठी डकवलेली होती. कुतूहल म्हणून पहिल्या ढिगातील चिठ्ठ्या पाहिल्या. त्या बहुतेक कोऱ्या होत्या. मग दाखल नोंदवही मागून घेतली. मान्यवर कादंबऱ्यांची नोंद शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत अशी रीतसर होती. अर्नाळकरांच्या पुस्तकांपुढे मात्र ‘डिटेक्टिव्ह पुस्तके’ एवढीच एकत्रित नोंद होती. लेखकाचे नाव नव्हते आणि शीर्षकही नव्हते.

ग्रंथपालाला दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. त्याने नोंदवहीत जे केले, तेच आपल्या वाङ्मयेतिहासाने मोठ्या प्रमाणावर केलेले आहे. मराठी कादंबरीच्या विकासाचे आलेख आपण विद्यार्थ्यांपुढे मांडतो. त्यांत लेखक असतात, प्रवाह असतात, वाद असतात. वाचक मात्र नसतो. अर्नाळकरांचा विचार करावयाचा तो याकरिता. ते मोठे कलावंत होते व त्यांच्यावर अन्याय झाला, असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. इंग्रजीतून आलेला एक वाङ्मयप्रकार मराठीत येताना मुळातून कसा बदलला आणि त्या बदलातून एक वाचक कसा घडला, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अर्नाळकरांच्या पुस्तकांत आहे. आणि तो पुरावा आपल्या डोळ्यांदेखत रद्दीत जात आहे.

लेखक

बाबूराव अर्नाळकर यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचे जन्मवर्ष काही ठिकाणी १९०६ तर काही ठिकाणी १९०७ असे दिलेले आढळते. मृत्यू १९९६ सालचा. मुंबईत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. १९३०-४० च्या दशकात त्यांनी रहस्यकथा लिहावयास आरंभ केला आणि सुमारे अर्धशतक ते लिहीत राहिले. त्यांच्या पुस्तकांची संख्या एक हजाराच्या पुढे जाते. नेमका आकडा मात्र जितके सांगणारे तितका वेगळा. गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात त्यांचे नाव आले, ते या संख्येमुळे. ज्या लेखकाची पुस्तके तीन पिढ्यांनी वाचली, त्याच्या जन्मवर्षाविषयी आणि ग्रंथसंख्येविषयी एकवाक्यता असू नये, यातच आपल्या सूचिकारांची वृत्ती पुरेशी व्यक्त होते. कोणा मध्यम कुवतीच्या कवीच्या पहिल्या आवृत्तीच्या तारखेवर आपण पानेच्या पाने खर्च केलेली आहेत.

अर्नाळकरांनी एकच नायक निर्माण केला नाही. त्यांचा झुंजार हा देखणा, धाडसी, पोलिसांना गुंगारा देणारा. त्याच्यासोबत पत्नी विजया आणि विश्वासू नेताजी. काळा पहाड हा दुसरा. धनंजय हा खासगी गुप्तहेर आणि छोटू त्याचा मदतनीस. वाचकांचेही त्याप्रमाणे गट पडत. आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे आजही बोलताना ‘मी झुंजारवाला’, ‘तो काळ्या पहाडाचा’ अशी विभागणी करतात. लेखकाच्या नावाआधी पात्राचे नाव ओठांवर यावे, हे भाग्य मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आले.

विलायती मूळ

अर्नाळकरांविषयीचा पहिला आक्षेप उसनवारीचा असतो. ‘सगळे इंग्रजीतून उचललेले’, एवढे बोलून विषय संपवला जातो. तेव्हा आधी त्या इंग्रजी मुळाकडेच वळले पाहिजे.

इंग्रजी हेरकथेचा इतिहास आपण सहसा आर्थर कॉनन डॉयल यांच्यापासून, म्हणजे १८८७ साली शेरलॉक होम्स प्रथम अवतरला तेव्हापासून सांगतो. त्याच्याही आधी १८६८ मध्ये विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी आली. टी. एस. एलियट यांच्यासारख्या समीक्षकाने तिला आधुनिक इंग्रजी हेरकादंबऱ्यांतील पहिली आणि श्रेष्ठ म्हणून गौरविले. या कादंबरीतील रहस्य कशाचे? १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लढाईत एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटून नेलेल्या हिऱ्याचे. तो हिरा परत मिळवण्यासाठी तीन हिंदू ब्राह्मण इंग्लंडात येऊन राहतात आणि अखेर तो मूळच्या देवतेकडे पोहोचतो. डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्येही आग्ऱ्याच्या खजिन्याचे प्रकरण आहे. म्हणजे इंग्रजी हेरकथा ज्या अपराधाचा छडा लावीत होती, त्याची एक मुळी आपल्या भूमीत रुतलेली होती. हा प्रकार आपणांस सर्वस्वी परका होता, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ही हेरकथा एका विशिष्ट समाजव्यवस्थेत वाढली. लंडनला १८२९ मध्ये महानगर पोलीस दल स्थापन झाले, १८४२ मध्ये त्याची गुप्तहेर शाखा निघाली. पोलीस हा आपल्याच समाजाचा नोकर आहे, अशी निदान मध्यमवर्गीय वाचकाची धारणा होती. १९२० साली पहिली कादंबरी प्रसिद्ध करणाऱ्या अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या गावंढ्या वाड्यांतील खुनांकडे पाहावे. तेथे सारे सुस्थित असते. एक खून होतो आणि व्यवस्था बिघडते. हेर येतो, खुनी सापडतो आणि व्यवस्था पुन्हा सुरळीत होते. या कथेचा पायाच मुळी ‘व्यवस्था चांगली आहे’ या विश्वासावर उभारलेला आहे.

त्याच काळात इंग्रजीत दुसरीही एक धारा होती. ई. डब्ल्यू. हॉर्नंग यांचा सभ्य चोर रॅफल्स, ब्रूस ग्रीम यांचा काळ्या पोशाखातील ब्लॅकशर्ट, लेस्ली चार्टरिस यांचा सेंट हे सारे कायद्याबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे नायक. या धारेत एडगर वॉलेस यांचे नाव महत्त्वाचे आहे. १८७५ साली लंडनच्या ग्रिनिच भागात जन्मलेले वॉलेस मासळीबाजारात राबणाऱ्या हमालाच्या घरी वाढले. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांची शाळा सुटली. पुढे ते सैन्यात गेले, दक्षिण आफ्रिकेत वार्ताहर झाले. १९०५ साली त्यांनी ‘द फोर जस्ट मेन’ ही कादंबरी स्वखर्चाने छापली आणि रहस्याचे उत्तर ओळखणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. बक्षिसे किती जणांना द्यावयाची याची मर्यादा घालावयाचे राहून गेले. अचूक उत्तरे पाठवणारे पुष्कळ निघाले आणि लेखक कर्जात बुडाला. १९३२ साली मृत्यू आला तोवर त्यांच्या कादंबऱ्यांनी पावणेदोनशेच्या जवळपास मजल मारलेली होती. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे चार माणसे स्वतः न्याय करतात, हे त्या पहिल्या कादंबरीचे सूत्र.

इंग्रजीत या दोन्ही धारा नांदत होत्या. मराठीत रहस्यकथा लोकप्रिय झाली ती मुख्यतः दुसऱ्या धारेने. हे का घडले, हा प्रश्न आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. उसनवारीचा आक्षेप घेणारे तो विचारीत नाहीत.

रूपांतराची वाट

अर्नाळकर मोकळ्या माळावर उगवलेले नव्हते. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची वाट पडली. तळघरे, वेषांतरे, हरवलेले वारस, ओळख पटवणाऱ्या खुणा हा सारा ऐवज तेथे तयार होता. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३-१९४१) यांनी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स यांच्या कादंबऱ्यांचा आधार घेऊन ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांच्या जातीच्या कादंबऱ्यांनी वाचकांना वेड लावले. दातारांनी विलायती कथानकाला संस्कृत वळणाची भाषा आणि देशी इतिहासाचा पेहराव दिला. मूळ कोणते आणि आपले कोणते, हे सामान्य वाचकाला उमगू नये इतके ते बेमालूम होते.

अर्नाळकरांनी या परंपरेत एक मोठा बदल केला. त्यांनी अद्भुताला गुहेतून बाहेर काढून मुंबईच्या रस्त्यावर आणले. टेलिफोन वाजतो, मोटार येऊन थांबते, बंगल्याच्या दिवाणखान्यात प्रेत सापडते, बंदरावर रात्री कोणी दबा धरून बसलेले असते. भाषाही बदलली. दातारांचे दीर्घ वर्णन गेले आणि त्याच्या जागी लहान वाक्ये, संवाद व कृती आली. मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण फडक्यांच्या लालित्याची, खांडेकरांच्या अलंकरणाची चर्चा करतो. त्याच वर्षांत ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद रंगला होता. हा वाद चालू असताना मुंबईत एक चष्म्याचा दुकानदार विशेषणांना फाटा देऊन केवळ क्रियापदांवर चालणारे गद्य लिहीत होता. त्याच्या वाचकाला त्या वादाची वार्ताही नव्हती आणि वाद घालणाऱ्यांना त्या वाचकाची.

हे गद्य निर्दोष होते असे नाही. अनेकदा ते घाईचे आणि ठोकळेबाज होते. तरी नव्याने वाचू लागलेल्या माणसाला अर्ध्या रात्रीपर्यंत जागे ठेवण्याची ताकद त्यात होती. अक्षरओळख ही शाळेची देणगी असते. वाचनाची सवय मात्र दुसरेच कोणी तरी लावते. ती सवय लावणाऱ्यांत अर्नाळकरांचा वाटा फार मोठा आहे.

कायद्याबाहेरचा नायक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठी वाचकाने ख्रिस्तीच्या बंदिस्त वाड्यापेक्षा झुंजार आणि काळा पहाड यांना का जवळ केले?

अर्नाळकर लिहू लागले तेव्हा देश पारतंत्र्यात होता. मुंबईच्या रस्त्यावरील पोलीस हा सत्याग्रहींवर लाठी चालवणारा होता. १९३० च्या आणि १९४२ च्या आंदोलनांत त्याच्या हातची काठी ज्यांनी पाहिली, त्यांना ‘पोलीस येतो आणि व्यवस्था पुन्हा सुरळीत होते’ हे कथासूत्र पटणे कठीण होते. व्यवस्था मुळात सुरळीत नव्हतीच. न्याय व्हावा असे वाटत होते, पण तो सरकारी कचेरीतून होईल असा विश्वास नव्हता. अशा वाचकाला नायक हवा होता तो कायद्याच्या बाहेर आणि न्यायाच्या बाजूला उभा असणारा. रॅफल्स किंवा सेंट हे इंग्रज वाचकाला सुखवस्तू माणसाची गंमत म्हणून आवडले. मराठी वाचकाने त्याच साच्याच्या नायकाकडे गंमत म्हणून पाहिले नाही. १८३२ साली फाशी गेलेल्या उमाजी नाईकांची आठवण ज्या समाजाच्या लोककथांत जिवंत होती, त्याला सरकारने गुन्हेगार ठरवलेला माणूस आपला असू शकतो, हे नव्याने शिकवावे लागत नव्हते.

साचा विलायती होता, त्यात ओतलेला अर्थ येथला होता. रूपांतराचा विचार करताना आपण कथानक कोठून आले एवढेच शोधतो. ते येथे आल्यावर कोणाच्या कोणत्या गरजेला उत्तर देऊ लागले, हे शोधणे अधिक महत्त्वाचे आहे.

या तर्काला पुढच्या काळाचाही आधार मिळतो. स्वातंत्र्यानंतर रहस्यकथेचा नायक हळूहळू बदलत गेला. गोव्याचे गुरुनाथ नाईक १९७० च्या सुमारास या क्षेत्रात आले आणि त्यांनीही हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. मराठवाड्याशी त्यांचा संबंध होता. लातूरच्या पत्रकारितेत त्यांचा काही काळ गेला. २०२१ साली ते निवर्तले. त्यांचे गाजलेले नायक पाहा : कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले. १९६५ आणि १९७१ ची युद्धे अनुभवलेल्या वाचकाचा नायक आता सैन्यातील अधिकारी झाला. कायद्याबाहेरचा माणूस राष्ट्राचा शिपाई बनला. त्यानंतर पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८-२००३) आले. त्यांच्या दारा बुलंदमध्ये जुन्या बेबंद नायकाचे रक्त आहे, पण त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास न्यायालयात उभा राहून लढतो. प्रथम कायद्याबाहेरचा साहसी, मग सेनाधिकारी, मग वकील, अशी ही वाटचाल आहे. राज्यसंस्थेकडे मराठी वाचक कसा पाहत गेला, याचा हा ओबडधोबड नकाशा आहे. प्रत्येक पुस्तक या रेषेवर बसेल असे नाही, पण रेषा नाकारता येणार नाही. आपल्या गंभीर कादंबरीने हा प्रवास इतक्या उघडपणे टिपलेला नाही. ‘दुनियादारी’मुळे शिरवळकरांची दखल आता थोडीफार घेतली जाते, त्यांच्या रहस्यकथांची घेतली जात नाही.

बीडचा वाचक

हे सारे मुंबईचे झाले. आमच्या जिल्ह्यात चित्र आणखी निराळे होते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. आजचे अंबाजोगाई तेव्हा कागदोपत्री मोमिनाबाद होते. ज्या गावी आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे आणि ज्या गावी दासोपंतांनी पासोडीवर मराठी ग्रंथ लिहिला, तेथे कचेरीची भाषा उर्दू होती, उच्च शिक्षणाची भाषाही उर्दू होती. मराठी शाळा आणि मराठी वाचनालय चालवणे हे त्या राज्यात निव्वळ शैक्षणिक काम राहत नसे. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवीत होते आणि तेथूनच पुढे मुक्तिसंग्रामात उतरले. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना १९४३ सालची. मराठी पुस्तक बाहेरून, मुंबई-पुण्याहून, एका राज्याची हद्द ओलांडून येत असे.

स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर शाळा वाढल्या, वाचनालये वाढली. पहिल्यांदाच घरात अक्षर आलेली एक मोठी पिढी तयार झाली. या पिढीच्या हाती काय पडले? पाठ्यपुस्तक, पोथी, आणि एस.टी. स्थानकावरच्या स्टॉलवरील रहस्यकथा. जिल्ह्यात रेल्वे परळीपर्यंत होती. बीड शहरात ती २०२५ साली पोहोचली. त्यामुळे आमच्याकडे रेल्वेच्या फलाटावरील पुस्तकविक्रीची जागा एस.टी. स्थानकाने घेतलेली होती. गेवराई, माजलगाव, केज येथे गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या हातात ही पुस्तके दिसत. एक पुस्तक पाच घरे फिरे. १९७२ च्या दुष्काळात शाळा सोडून खडी फोडावयास गेलेल्या आमच्या एका नातलगांनी सांगितले की, कामावर मुकादमाकडे एकच झुंजारचे पुस्तक होते आणि रात्री तो ते मोठ्याने वाचून दाखवी. शेवटची पाने फाटलेली होती. खुनी कोण, यावर रोज नवा तर्क चाले.

या वाचकाने मलबार हिल पाहिलेले नव्हते, टेलिफोन उचललेला नव्हता. त्याच्या गावी अन्याय करणारा कोण, हे शोधण्यास हेराची गरज नव्हती. ते सर्वांना ठाऊक असे. गरज होती ती, ठाऊक असूनही ज्याला कोणी हात लावू शकत नाही, त्याला हात लावणाऱ्या माणसाची. मुंबईच्या वाचकासाठी परकीय सरकार जेथे होते, तेथे आमच्या वाचकासाठी कधी वतनदार होता, कधी सावकार, कधी लांबचे पोलीस ठाणे. काळा पहाड त्याला आपला वाटला, तो बहुधा यामुळे.

आमचीही एक कबुली येथे दिली पाहिजे. आम्ही आज चाळिशीत आहोत. आमच्या शालेय वयात अर्नाळकरांची सद्दी सरली होती. घरातील ट्रंकेतून त्यांची जुनी पुस्तके आणि भाड्याच्या वाचनालयातून नाईक व शिरवळकर आम्हांस मिळाले. सलग दोनशे पाने न थांबता वाचता येतात, हे आम्ही तेथे शिकलो. पुढे एम. ए. ला आलो आणि ‘आवडता लेखक कोण’ या प्रश्नाला आम्ही सर्वांनी अभ्यासक्रमातील नावे सांगितली. ती खोटी नव्हती, पण पूर्ण खरीही नव्हती. नोकरीसाठीच्या मुलाखतीतही तेच केले. आज वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना ‘काय वाचता’ असे विचारतो तेव्हा ते गप्प राहतात. ते वाचत नाहीत म्हणून गप्प आहेत, की जे वाचतात ते येथे सांगण्याजोगे नाही असे त्यांना वाटते म्हणून, हे आम्हांस कळत नाही. दुसरी शक्यता खरी असेल, तर त्यांना ती लाज आम्हीच शिकवलेली आहे.

मर्यादा

अर्नाळकरांच्या मर्यादा उघड आहेत. हजारांवर पुस्तके लिहिणारा लेखक स्वतःची पुनरावृत्ती करणारच. कथानकातील सांधे कित्येकदा योगायोगाने जुळवलेले असतात. वाचकाला तर्क करण्यास पुरेसे धागे दिलेले नसतात. खलनायक पाहताक्षणी ओळखू येतो. विजयासारखी साहसात सोबत उतरणारी स्त्री सोडली, तर बाकी स्त्रिया बहुधा पळवून नेल्या जाण्यासाठी असतात. उसनवारीचे ऋणही सर्वत्र मान्य केलेले नाही. आजच्या विद्यार्थ्याने हे सारे तपासावे, खुशाल टीका करावी. मात्र टीका करण्यासाठी आधी पुस्तक हाती असावे लागते.

तुलनेसाठी ब्रिटनमधील एका लेखकाचे उदाहरण घेऊ. जॉन क्रीझी (१९०८-१९७३) हे अर्नाळकरांचे समकालीन. त्यांनी अठ्ठावीसच्या आसपास टोपणनावांनी सहाशेच्या घरात पुस्तके लिहिली. त्यांच्यावरही यांत्रिकपणाचा आरोप होता आणि तो निराधार नव्हता. पण १९५३ मध्ये त्यांनी गुन्हेकथा लिहिणाऱ्यांची संघटना उभारली आणि त्यांच्या मृत्यूच्या वर्षी त्या संघटनेने पहिल्या कादंबरीसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. क्रीझींना कोणी महान कलावंत म्हणत नाही. तरी त्यांची सूची सिद्ध आहे, टोपणनावे उलगडलेली आहेत, अभ्यासकाला पुस्तके मिळतात. तेथील व्यवसायाने आपल्या कारागिराची आठवण ठेवली. आपल्याकडे होम्सची भाषांतरे भालबा केळकरांनी केली, ख्रिस्तीला मधुकर तोरडमलांनी मराठीत आणले, आणि ती भाषांतरे आपण सन्मानाने कपाटात ठेवतो. विलायती हेर भाषांतरातून आला की साहित्य होतो. तोच रूपांतरातून आला, आपले नाव घेऊन आला, की ‘डिटेक्टिव्ह पुस्तके’ होतो. या भेदामागे कोणता वाङ्मयीन निकष आहे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

काय करता येईल

अर्नाळकरांच्या निवडक कथांची पुनर्मुद्रणे अलीकडच्या काळात झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण निवडक कथा म्हणजे लेखकाचे अर्धशतक नव्हे. कोणत्या वर्षी कोणता नायक आला, १९४७ नंतर कथेतील पोलीस बदलला का, मूळ इंग्रजी पुस्तके कोणती, आवृत्त्या किती निघाल्या, या प्रश्नांची उत्तरे सूची झाल्यावाचून मिळणार नाहीत. आमचे वर उभे केलेले तर्कही त्या सूचीवरच खरे वा खोटे ठरतील.

हे काम मोठ्या संस्थेची वाट पाहत बसण्यासारखे नाही. आमच्या महाविद्यालयात आम्ही एक लहानसा आरंभ केला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या वाचनालयातील आणि घरांतील रहस्यकथांची नोंद करावयाची : शीर्षक, प्रकाशक, साल, पुस्तकावरील शिक्के, आतल्या पानांवर वाचकांनी लिहिलेले शेरे. त्यासोबत गावातील एका वयस्क वाचकाशी बोलून तो काय वाचीत असे, पुस्तक कोठून आणी, कोणाला देई, हे टिपून घ्यावयाचे. पहिल्याच वर्षी एका विद्यार्थिनीने नोंद आणली : तिच्या आजीला लिहिता येत नाही, वाचता येते, आणि वाचावयास ती शिकली ती नवरा वाचून झाल्यावर उशाखाली ठेवीत असे त्या झुंजारच्या पुस्तकावरून, चोरून. मराठी साक्षरतेच्या कोणत्याही इतिहासात ही नोंद सापडणार नाही.

त्या वाचनालयाच्या व्हरांड्यातील दुसरा ढीग आम्ही रद्दीच्या भावाने विकत घेतला. तो आमच्या विभागाच्या कपाटात आहे आणि आता प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र नोंद आहे, लेखकाच्या नावासह. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी पुस्तके असतील, त्यांनी ती टाकण्यापूर्वी निदान शीर्षक, साल आणि प्रकाशक एवढे तरी लिहून ठेवावे, ही विनंती. आणि पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी असेल, तर ती फाडू नये.